पेशींना माल हवा की निरोप?



गेल्या काही महिन्यांत या मालिकेच्या श्रोत्यांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून विचारला आहे. इंदूरहून विचारला, बडोद्याहून विचारला, हैदराबाद आणि बेळगावहूनही विचारला. प्रश्न असा: "पेशींचं आरोग्य सुधारून म्हातारपण लांबवणाऱ्या कॅप्सूल मिळतात. त्या घ्याव्यात का?" काहींनी सोबत बाटलीचा फोटो पाठवला. कुणी ती पेन्शनमधून घेतंय, कुणाला परदेशातल्या मुलाने पाठवली आहे. महिन्याचा खर्च काही हजारांत जातो. म्हणजे प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही, घरखर्चाचा आहे. आणि मला वाटतं, त्याहून मोठी गोष्ट पणाला लागलेली आहे. ती पुढे येईलच.

मी डॉक्टर नाही. कॉलेजात जीवशास्त्र शिकवत आलो, त्यात पेशीशास्त्र हा आवडीचा विषय. त्यामुळे अमुक गोळी घ्या किंवा बंद करा, असं मी सांगणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण पेशी म्हातारी होते म्हणजे काय होतं, तिला नेमकं काय कमी पडतं आणि बाटलीतून ते मिळतं का, एवढं आपण आज नीट समजून घेऊ.

पेशी म्हातारी होते म्हणजे काय?

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे, हे शाळेत शिकलो. पण सगळ्या पेशींचं आयुष्य सारखं नसतं. आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी काही दिवसांत बदलतात. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते. उलट मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी जवळपास तुमच्याच वयाच्या असतात. तुम्ही ७० वर्षांचे, तर त्याही ७० वर्षांच्या. त्यांच्या जागी नवीन येत नाहीत. त्यांना रोजची डागडुजी करूनच आयुष्य काढावं लागतं. हृदयाच्या आणि हातापायांच्या स्नायूंमधल्या पेशीही बऱ्याच प्रमाणात अशाच.

डागडुजी कमी पडायला लागली की पेशी म्हातारी होते. शास्त्रज्ञांनी याची खूणपत्रिकाच तयार केली आहे. २०१३ साली स्पेनचे कार्लोस लोपेझ-ओतीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वार्धक्याच्या ९ खुणा मांडल्या. २०२३ साली ती यादी १२ वर गेली. सगळ्या आज घेत नाही. आपल्या कामाच्या तीन घेऊ.

पहिली खूण विभागणीच्या मर्यादेची. १९६१ साली अमेरिकेत लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं, की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची टोपणं असतात, ती दर विभागणीला थोडी झिजतात, हे त्याचं एक मोठं कारण. टेलोमिअरवरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं.

दुसरी खूण ऊर्जेची. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना तंतुकणिका म्हणायचो. अन्न आणि प्राणवायू वापरून पेशीला चालणारी ऊर्जा बनवायची, हे त्यांचं काम. वय वाढतं तशा त्या कमी होतात, काही बिघडतात.

तिसरी खूण कचऱ्याची. काम करता करता पेशीत मोडकी प्रथिनं आणि निकामी झालेल्या तंतुकणिका साठतात. त्या गोळा करून, तोडून, त्यातून नवा माल करण्याची सोय पेशीतच असते. तिला ऑटोफॅजी म्हणतात. शब्दशः अर्थ घेतला तर स्वतःलाच खाणं. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी ही यंत्रणा यीस्टच्या पेशींत उलगडली, त्याबद्दल त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

आता जाहिरात काय करते? या तिन्ही खुणा घेते. त्या खऱ्याच आहेत. आणि मग म्हणते, तुमच्या पेशींत अमुक पदार्थ कमी झालाय, तो आम्ही बाटलीत भरून दिलाय. म्हणजे पेशीला माल कमी पडतोय असं गृहीत धरलेलं असतं. आजच्या भागात आपण हे गृहीतच तपासून पाहणार आहोत.

माल खरंच संपतो तेव्हा

पेशीला माल कमी पडू शकतो का? नक्की पडू शकतो, आणि पडला तर काय होतं याचं एक उदाहरण आपल्या दख्खनमध्येच आहे.

पेलाग्रा नावाचा आजार होता. गळ्याभोवती, हातांवर, पायांवर, जिथे ऊन लागतं तिथे कातडी काळी पडून सोलायची. जुलाब व्हायचे. पुढे माणूस भ्रमिष्ट व्हायचा. जगात हा आजार मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांत दिसायचा. दख्खनमध्ये तो ज्वारीवर जगणाऱ्यांत दिसला. १९६० च्या सुमाराला हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा अभ्यास केला. ज्वारीतल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाकडे त्यांनी बोट दाखवलं. इथे एक सांगतो, भाकरी खाणाऱ्यांनी घाबरू नये. ज्यांच्या ताटात ज्वारीशिवाय जवळजवळ काहीच नव्हतं, डाळ नाही, दूध नाही, त्यांचा हा आजार होता.

या आजारात कमी पडायचं ते नायसिन, म्हणजे बी३ जीवनसत्त्व. नायसिनपासून आपल्या पेशी एनएडी नावाचा रेणू बनवतात. अन्नातली ऊर्जा तंतुकणिकांपर्यंत पोचवायला आणि डीएनएची दुरुस्ती करायला हा रेणू लागतो. रुग्णाला नायसिन दिलं की जुलाब आणि तोंडातली आग काही दिवसांत कमी व्हायची. माल संपला होता, माल दिला, काम सुरू झालं.

हेच एनएडी हल्ली तुम्हाला जाहिरातीत भेटतं. एनएमएन नावाच्या ज्या महागड्या कॅप्सूल आहेत, त्या एनएडीच्याच आदल्या पायरीचा पदार्थ देतात. उंदरांवरचे काही निकाल चांगले आहेत. माणसांवरच्या अभ्यासांत रक्तातलं एनएडी वाढलेलं दिसतं, हेही खरं. पण त्यामुळे ताकद वाढली, चालणं सुधारलं, साखर आटोक्यात आली, असे निकाल कधी थोडेसे दिसतात, कधी दिसत नाहीत. हे अभ्यास लहान आहेत आणि थोड्या महिन्यांचे आहेत. ती कॅप्सूल घेऊन माणूस जास्त जगला, असं कुठल्याच चाचणीने दाखवलेलं नाही.

असं का होत असावं? पेलाग्राच्या रुग्णाला दिलेल्या स्वस्त नायसिनने चमत्कार केला आणि चांगलं खाऊन पिऊन असलेल्या माणसाला महागडं एनएमएन तेवढं लागू पडत नाही, हे कसं? माझ्या समजुतीप्रमाणे, बहुतेकांच्या पेशींची अडचण वेगळी असते. माल दाराशी पडलेला असतो, पण तो वापरायचा निरोप आलेला नसतो.

माल आहे, निरोप नाही

हे नुसतं शब्दांचं खेळणं नाही. याचा सरळ पुरावा आहे.

२००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांचे, धडधाकट, आजार नसलेले लोक घेतले आणि त्यांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं. खाणं मोजून दिलं. शरीराला लागतात तेवढे उष्मांक, आणि शिफारस असते तेवढी प्रथिनं. म्हणजे माल पुरेपूर. दहा दिवसांनी मोजलं, तर फक्त पायांमधून जवळजवळ एक किलो ऊती गेली होती. ही चरबी नव्हे, ऊती, म्हणजे मुख्यतः स्नायू.

एक किलो! दहा दिवसांत! आणि पोटभर खाऊन!

पेशीच्या बाजूने विचार करा. स्नायू सांभाळणं महाग काम आहे. रोज जुनी प्रथिनं तोडायची, नवी बांधायची. कुणी उभं राहत नाही, जिना चढत नाही, वजन उचलत नाही, तर पेशी कशाला हा खर्च करील? तिला कळवलंच गेलंय की याची आता गरज नाही. ती कामगार कमी करते. ती बिघडलेली नाही, आलेल्या निरोपाप्रमाणे नीटच वागते आहे.

आता याच्या उलट बाजूचा अभ्यास पाहू. मला पेशींच्या आरोग्यावर एकच अभ्यास निवडायला सांगितला तर मी हाच निवडीन. बोस्टनमध्ये वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात डॉ. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. आधी १९९० साली त्यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना पायांच्या स्नायूंचा वजनी व्यायाम दिला. आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा. वजन हलकंफुलकं नव्हतं. माणूस एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलू शकेल, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत नेलेलं होतं, अर्थात देखरेखीखाली. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. दोघांनी काठी सोडली.

मग १९९४ साली मोठा अभ्यास झाला. शंभर अशक्त वृद्ध, सरासरी वय ८७. त्यांचे चार गट केले. एका गटाला वजनी व्यायाम. दुसऱ्याला रोज एक पौष्टिक पेय, त्यात ३६० उष्मांक, सोया प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि क्षार. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला दोन्ही नाही. दहा आठवड्यांनी मोजलं. व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी ११३ टक्के वाढली, न करणाऱ्यांची जेमतेम ३ टक्के. चालण्याचा वेग आणि जिना चढायची ताकदही व्यायामवाल्यांची वाढली. आणि नुसतं पेय घेणाऱ्यांचं काय झालं? त्यांचा अशक्तपणा कमी झाला नाही.

त्यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार बोलकी वाटते. नुसतं पेय घेणाऱ्यांचं दिवसाचं एकूण खाणंही वाढलं नाही, कारण पेय पोटात गेलं तेवढं जेवण कमी झालं. एकूण खाणं वाढलं ते फक्त पेयासोबत व्यायाम करणाऱ्यांचं. निरोप गेला तेव्हा शरीराने माल मागून घेतला.

निरोप जातो कसा?

आता थोडं पेशीच्या आत जाऊ. स्नायूला दोन प्रकारचे निरोप मिळतात आणि दोन्ही वेगवेगळे आहेत.

पहिला निरोप टंचाईचा. तुम्ही भराभर चालता, दम लागतो, तेव्हा स्नायूतली ऊर्जा झपाट्याने खर्च होते. पेशीत एएमपीके नावाचं एक विकर असतं, त्याला ही टंचाई कळते. ते दोन हुकूम सोडतं. एक, नवीन तंतुकणिका बनवा. दोन, आतला कचरा गोळा करून त्यातलं वापरण्याजोगं वापरा. १९६७ साली अमेरिकेत जॉन होलोझी यांनी उंदीर पट्ट्यावर पळवले, तेव्हा बारा आठवड्यांत त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली. तोपर्यंत पेशीची ऊर्जा-यंत्रणा व्यायामाने बदलते, हे कुणी असं मोजून दाखवलं नव्हतं. पुढे २०१२ साली बेथ लेव्हीन यांच्या गटाने उंदरांतच दाखवलं, की पळण्याने स्नायूतली ऑटोफॅजीही सुरू होते.

दुसरा निरोप ताणाचा. स्नायूवर वजन आलं, तो जोर लावून आखडला, की पेशीतली वेगळी साखळी जागी होते आणि प्रथिनं बांधायला घेते. नुसतं सावकाश फिरण्याने हा निरोप फारसा जात नाही. म्हणूनच बागेत रोज तासभर गप्पा मारत फिरणाऱ्या माणसालाही खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. चालणं चांगलंच आहे, पण ते पहिल्या निरोपाचं काम करतं, दुसऱ्याचं नाही.

वयाबरोबर अजून एक गोष्ट होते. तरुण स्नायू थोड्या प्रथिनांनीही बांधकाम सुरू करतो. म्हाताऱ्या स्नायूला ऐकू कमी येतं. तेवढ्याच बांधकामासाठी त्याला जेवणात जास्त प्रथिनं लागतात. पण वजनी व्यायाम केला की काही काळ त्याचे कान पुन्हा तीक्ष्ण होतात. म्हणजे इथेही निरोपामुळेच मालाचा उपयोग वाढतो.

उपासाचं काय, असं तुम्ही विचाराल. ओसुमींनी यीस्टला उपाशी ठेवूनच ऑटोफॅजी पाहिली होती, त्यामुळे हल्ली सोळा तास उपाशी राहा, पेशी स्वच्छ होतात, असं सांगितलं जातं. उपाशी राहण्याने टंचाईचा निरोप जातो, हे तत्त्व बरोबर आहे. पण माणसात अमुक तासाला ऑटोफॅजी सुरू होते, असा आकडा सांगायला आधार नाही. जिवंत माणसाच्या अवयवांत ती मोजणंच अवघड आहे. आणि सत्तरीच्या माणसाने एक जेवण सोडलं की सगळ्यात आधी कमी होतात ती प्रथिनं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरण्याचा धोका वेगळाच. रात्रीचं जेवण लवकर करून सकाळपर्यंत काही न खाणं, इतपत बहुतेकांना झेपतं. आणि आपली एकादशी म्हणाल, तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू खाल्ल्यावर पेशीला टंचाई झाल्याचं कळणार तरी कसं? एकादशी आणि दुप्पट खाशी!

माल जास्त झाला तर?

काही जण म्हणतात, फायदा नसला तरी तोटा काय? घेऊन बघू. याचं उत्तरही माहीत असायला हवं.

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षांच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरातला रंग, पेशींना झिजेपासून वाचवतो, म्हणून त्याच्या गोळ्या कर्करोग टाळतील अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. गाजर खाऊन असं होत नाही. गोळीतली मात्रा ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरा अभ्यास जर्मनीतला, २००९ सालचा. निरोगी तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला. काहींना सोबत रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ई जीवनसत्त्व दिलं. व्यायामाने शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागतं. तो फायदा गोळ्या न घेणाऱ्यांत दिसला, घेणाऱ्यांत दिसला नाही. संशोधकांनी दिलेलं कारण असं, की व्यायामात तयार होणारे फ्री रॅडिकल्स हाच एक निरोप असतो, आणि गोळ्यांनी तो वाटेतच पुसला. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत इतका ठळक परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण जास्त माल म्हणजे जास्त आरोग्य, हे समीकरण तरी त्यातून मोडतंच.

मग करायचं काय?

दोन भागांत सांगतो. आधी माल, मग निरोप.

मालाचा हिशेब अंदाजाने नको, तपासून करा. आपल्याकडे साठीनंतर खरोखर कमी पडणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. बी१२ ही पहिली. ते शाकाहारी जेवणात दूध-दह्याखेरीज फारसं मिळत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या सतत घेत असाल, तरी ते कमी होतं. मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणं असू शकतात आणि आपण त्यांना वय झालं म्हणून सोडून देतो. दुसरं ड जीवनसत्त्व, तिसरं हिमोग्लोबिन. साध्या रक्ततपासणीत हे कळतं. कमी असेल तर डॉक्टर सांगतील ती गोळी जरूर घ्या. ती पेलाग्राच्या नायसिनसारखी आहे, मोजून दिसलेली तूट भरून काढणारी.

चौथी गोष्ट प्रथिनं. आपल्याकडची अधिकृत शिफारस वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे. वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम हवीत, असं या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांचं मत आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम. ३० ग्रॅम कोरडी डाळ किंवा मूठभर शेंगदाणे म्हणजे साधारण ७ ग्रॅम. पेलाभर दूध म्हणजे ६ ते ७ ग्रॅम. ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास. आता सकाळी चहा-खारी, दुपारी भात-आमटी, रात्री दूध-पोळी असा दिवस मोजून पाहा. बराच कमी भरेल. तिन्ही वेळच्या जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं, मासा असं काहीतरी ठळकपणे असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता निरोप. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल हवी. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत दम लागायला हवा. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, आणि पासष्टीपुढच्यांनी किमान तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम. आपण पहिला भाग थोडाफार करतो. दुसरा आणि तिसरा जवळजवळ कुणी करत नाही.

घरी करता येण्याजोगं सांगतो. भिंतीला टेकवलेली, बिनचाकाची पक्की खुर्ची घ्या. हात छातीवर ठेवून उठा आणि सावकाश बसा. बसताना धपकन बसायचं नाही. खाली येतानाचा ताणही निरोपच आहे. हात न टेकता उठणं जमत नसेल तर आधी खुर्चीवर जाड उशी ठेवा, उंची वाढली की उठणं सोपं होतं. आठ-दहा वेळा जमलं की थोडं थांबून पुन्हा. मग ओट्याला धरून टाचा उचला. मग भिंतीवर हात टेकून दंड काढा. शेवटी ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहा.

यातली कळीची गोष्ट वाढवत नेण्याची आहे. दहा उठाबशा सहज जमायला लागल्या की पेशीला त्याची बातमी वाटत नाही. मग उशी काढा, नंतर हातात पाण्याची लिटरभराची बाटली घ्या, नंतर दोन घ्या. बोस्टनमध्येही माणसाची ताकद वाढेल तसं वजन वाढवत नेलं होतं. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटल्या पाहिजेत. श्वास रोखून धरायचा नाही. छातीत दुखणं, चक्कर, नुकतंच झालेलं ऑपरेशन, आटोक्यात नसलेला रक्तदाब, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. शक्य असेल तर पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली करा. त्यांची फी बाटलीच्या महिन्याच्या खर्चाशी ताडून पाहा.

आणि तंबाखू, मिसरी, सिगारेट यातलं काही चालू असेल, तर पेशींसाठी पैसे खर्च करण्याआधी ते बंद करा. झोप आणि रक्तदाब सांभाळा. यात नवीन काही नाही, पण या गोष्टींचा फायदा माणसांत सिद्ध झालेला आहे, उंदरांत नव्हे.

बाटली घेताना

तरीही बाटली समोर आलीच, तर तीन प्रश्न विचारा. जो फायदा सांगताहेत तो माणसांत दिसला की उंदरांत? काय सुधारलं, रक्तातला आकडा की चालणं, उठणं, आजारपण? आणि माझ्यात ती गोष्ट कमी आहे, हे तपासून कळलंय का? लेबलही भिंग घेऊन वाचा. आपल्या देशात हेल्थ सप्लिमेंट म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाचं वाक्य छापावं लागतं. जाहिरातीत जे मोठ्याने सांगितलं जातं, त्याच्यासमोर हे बारीक अक्षरांतलं वाक्य ठेवून पाहा. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर कुठलंही सप्लिमेंट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

सुरुवातीला म्हटलं होतं, पैशाहून मोठी गोष्ट पणाला लागली आहे. ती म्हणजे स्वतःच्या पायांवर संडासात जाता येणं, स्वतः उठून पाणी घेता येणं. बहुतेक वृद्धांना मरणापेक्षा परावलंबनाची भीती जास्त असते, आणि ते परावलंबन फार वेळा मांडीच्या स्नायूंपासून सुरू होतं.

इथे घरातल्या तरुण मंडळींशीही बोलायचं आहे. आपल्याकडे मोठ्यांचा मान राखणं म्हणजे त्यांना उठू न देणं. "आई, तू बस, मी आणते." "बाबा, पिशवी इकडे द्या." "आता आराम करा, खूप केलंत आयुष्यभर." यात माया आहे, खोटेपणा नाही. पण पेशींना हे ऐकू जातं ते असं: आता तुमची गरज नाही. तापातून उठलेल्या आजीला पंधरा दिवस पलंगावर सगळं हातात देतो, तेव्हा आपण तोच दहा दिवसांचा प्रयोग घरी करत असतो. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तेवढी जरूर द्या. पण ती संपल्यावर विचारा, "उद्यापासून बाथरूमपर्यंत चालत जायचं का?" त्यांच्या मागे उभे राहा, पडू देऊ नका, पण उठायचं काम त्यांना करू द्या. भाजीची छोटी पिशवी त्यांच्याकडेच राहू द्या. आणि परदेशातून बाटली पाठवणाऱ्या मुलांनी आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल लावून आईवडिलांबरोबर दहा उठाबशा काढल्या, तर त्याला टपालखर्चही लागणार नाही.

पुढच्या भागात हाडं आणि तोल यांच्याबद्दल बोलू. तोवर एक काम करा. हात न टेकता अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ते मोजून तारखेसह कागदावर लिहून ठेवा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजा आणि तो आकडा मला कळवा.

नमस्कार.